पाटील सरांच्या दोन कुंड्या

पाटील सर लग्नाला गेले की वधूवरांना नंतर भेटायचे. आधी मांडवाच्या कडेला उकिडवे बसून स्कूटरच्या किल्लीने जमीन उकरायचे. मग पंगतीत निकाल जाहीर व्हायचा, "यांच्या अंगणात एक गांडूळ शिल्लक नाही. अशा घरात पोरगी द्यायला नको होती." हे ते वरपित्याच्या शेजारी बसून, जिलेबी मागत मागत सांगायचे. जळगावच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि मी मराठी. त्यांना वेळेत बाहेर काढायचं काम माझ्याकडे कसं आलं कोण जाणे. बहुधा माझी मोटारसायकल लगेच सुरू व्हायची म्हणून.

मोठ्या जनावरांविषयी त्यांना काडीचा आदर नव्हता. "वाघ काय करतो हो? झोपतो आणि फोटो काढून घेतो," म्हणायचे. त्यांचा जीव मातीतल्या बारक्या प्राण्यांवर. "आपण वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. मालक खाली राहतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. प्राचार्यांच्या वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये बसूनही ते हेच म्हणायचे आणि वर बिस्किटं मागवायचे.

एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी मोबाइलच्या लहरींमुळे चिमण्या गेल्या म्हणून गळा काढला. सर म्हणाले, "चिमण्यांसाठी रडायला सगळं शहर आहे. खालच्यांची चौकशी कोण करतं?" आणि स्वतःच चौकशीला लागले. दोन मोठ्या कुंड्या, दोन्हींत सारखी माती, सारखं शेण, सारखीच गांडुळं. एका कुंडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला चालू फोन, दुसरीत तसाच बंद फोन. आठवड्याभरात प्रयोगशाळेतली दोन गांडुळं प्राचार्यांच्या केबिनच्या दिशेने निघालेली सापडली, आणि कुंड्यांची रवानगी जवळच्या असोदा गावी, सरांच्या थोरल्या भावाच्या ओसरीवर झाली.

या भावाला सगळे नाना म्हणत. बाप लवकर गेल्यावर नानांनी स्वतःची शाळा सोडून सरांना शिकवलेलं. सर कॉलेजात कुणाला जुमानत नसत, पण असोद्यात शिरताना शर्टाचं वरचं बटण लावायचे. कुंड्यांवर रोज पाणी शिंपडायचं काम वहिनींकडे. त्यांचं माहेर नरडाण्याचं, त्यामुळे बोलणं पक्कं तिकडचं, अहिराणी. सर स्टाफरूममधून कुंडीतल्या फोनला फोन लावत, वहिनी हिरवं बटण दाबत, आणि तास दोन तास लाइन चालू राहायची. त्या फोनचा स्पीकर चालू असतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर कोणत्या मॅडमचं कोणत्या मॅडमशी पटत नाही, हे असोद्याच्या अख्ख्या गल्लीला आमच्यापेक्षा जास्त माहीत झालेलं होतं.

त्याच सुमारास असोद्यात मोबाइलचा टॉवर यायचं ठरलं. जागा नानांच्या केळीच्या बांधाला लागून, पण शेजाऱ्याच्या शेतात. नाना खवळले. टॉवरने जमीन मरते, केळी जळते, म्हणून त्यांनी निम्मा गाव गोळा केला. टॉवर आपल्या शेतात आला असता तर नानांना इतकं विज्ञान सुचलं नसतं, हे सरांसकट सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रामसभेच्या दोन दिवस आधी नाना सरांना म्हणाले, "तू प्रोफेसर हायेस. तुह्या तोंडून आलं का कोनी काही बोलनार नही. मही लाज तुह्या हातात हाये."

ग्रामसभेच्या सकाळी सरांनी कुंड्या उपसल्या. मी शेजारी उभा होतो. बंद फोनच्या कुंडीत गांडुळं होती तितकीच, जरा मरगळलेली. चालू फोनच्या कुंडीत मात्र नुसती वळवळ, अंडी, पिल्लं, जणू जत्रा भरलेली. सर बराच वेळ मातीत बोटं घालून बसले. मी म्हणालो, "सर, आज तुम्ही आजारी पडा. मी सांगतो तसं." ते म्हणाले, "आजारी पडेन हो. पण उद्या बरं व्हावंच लागेल ना?"

सभेत त्यांनी दिसलं तसं सांगितलं. टॉवरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने शेतात जुने फोन पुरावेत का, असंही विचारलं. नाना उठून सरळ घरी गेले. सर त्यांच्या मागे धावले, मी सरांच्या मागे. ओसरीवर वहिनी भेदरून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्या बिचारासना डोकावर दिनभर फोन शे. म्हनीसन त्यासले मी केळाना सालटा जास्त टाकू. वल्लं गोणपाटबी झाकू."

झालं. जास्तीची सालं, वर ओलं गोणपाट, घरातलं आजारी माणूस असावं तसा चालू फोनच्या कुंडीचा पाहुणचार झालेला. आम्हाला हसू आवरेना, सरांनाही. मग नाना आतून म्हणाले, "मंग जाय ना माघारी. सांग, परयोग चुकला. फोन वाईटच हाये."

सर माघारी गेले. सभा चहावर आली होती. ते म्हणाले, "प्रयोग चुकला. हयगय माझी." वहिनींचं नाव त्यांनी काढलं नाही. पुढे म्हणाले, "टॉवरने खालच्यांना त्रास होतो की नाही, मला माहीत नाही." दोन्ही बाजूंनी एकच हशा झाला. असोद्याच्या दोन्ही पार्ट्या एकमताने हसल्या असा तो एकमेव प्रसंग. मी हसलो नाही. इतक्या लोकांत, थोरल्या भावाची लाज पणाला लागलेली असताना, 'मला माहीत नाही' म्हणायला लागणारी छाती माझ्यात नव्हती, आजही नाही.

टॉवर उभा राहिला. नानांनी सरांशी बोलणं टाकलं. सर तरी दर रविवारी असोद्याला जायचे. त्यांनी नव्या कुंड्या मांडल्या, एक टॉवरच्या बुडाशी नानांच्या बांधावर, एक लांब विहिरीपाशी. दोन्हींना काय, किती, कधी घालायचं ते ओट्यावर बसून वहिनींना समजावायचे. नाना त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून, बिडी ओढत. आपल्याला बरं वाटत नाही हे सरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गेले ते कॉलेजच्या मैदानावर, सकाळी फिरताना.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर मी असोद्याला गेलो. नाना बांधावर कुंडीपाशी बसून करवंटीने शेण मोजून घालत होते. वहिनींनी मूठभर सालटं आणली, तर त्यांचा हात धरून म्हणाले, "नही. तिकडल्या कुंडीले जितकं, तितकंच."

मी विचारलं, "नाना, तुम्ही तर त्यांच्याशी बोलत नव्हता. हे सगळं कोणी सांगितलं?"

नानांनी करवंटी मातीवर उपडी केली. "मी पाठ करून बसे भाऊ," ते म्हणाले. "पन त्याचं बोलनं आयकाले तं रोज रविवारची वाट पाहे."