गव्हाच्या पोत्यांमागे
दूध करपल्याचा वास आला की देवासच्या क्वार्टरमधली ती उन्हाळ्यातली दुपार आठवते. मागच्या खोलीत, वर्षाच्या गव्हाच्या पोत्यांजवळ मांजर व्यायली होती आणि आई तिला रोज दूधपोळी घालायची. त्या दिवशी ती वाटीकडे बघेचना. पिल्लांना पोटाशी घेऊन पोत्यांकडे बघत नुसती गुरगुरत होती. "अगं, खा ना बाई," म्हणत आई वाटी सरकवायला वाकली, तशी मांजरीने तिचा हात ओरबाडला. आई दचकून मागे सरली आणि पोत्यांमागून नागाने फणा काढला. "भाभी, बाहर आओ!" शेजारचे भिया दारातून ओरडले. त्यांनी लांब काठीने नाग अंगणापार हाकलला, पण तोवर शेगडीवरचं दूध करपून घरभर वास सुटला होता आणि एक पिल्लू केव्हाच गार पडलं होतं. मांजर त्याला संध्याकाळपर्यंत चाटत राहिली. आता माझं बाळ निजवण्याआधी मी खोलीचे सगळे कोपरे बघून घेते.