पायाखालची वाळू

वैजयंतीताई दातार यांची आणि माझी ओळख वादातून झाली. इथे आखातात, अल दुहैलच्या शाळेत मुलींच्या बास्केटबॉल कोर्टावर रिंग बसवायला मी इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपमधून गेलो होतो. सुपरवायझर म्हणाले, "मुलीच आहेत, जरा खाली घ्या." मी घेतली. शाळेत खेळ शिकवणाऱ्या ताई टेप घेऊन आल्या.

"दहा फूट, दादा. वरच्या कडेपर्यंत. ऑस्ट्रेलियाच्या बायका याच उंचीवर खेळतात."

माझ्या कामात कुणी दुरुस्ती सुचवलेली मला खपत नाही. ताईंची खपली, कारण त्यांचं माप बरोबर होतं. पुढे त्यांनीच मला पंच केलं. नियम मी कुणाकडे शिकलो नाही, स्वतः वाचले.

ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचे सामने ताई मुलींना मोबाइलवर दाखवत. म्हणत, "यात स्टार कोण, शोधून दाखवा. पाचही जणी पास देतात." आमचं कोर्ट उघडं. वारा सुटला की वाळू येऊन बुटांखाली बसे आणि पाय घसरे. ताई कडेला ओलं फडकं अंथरून ठेवत. बुटांचे तळ पुसल्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नसे, पंचालाही नाही. खेळ थांबला की मुली हातानेच तळ पुसत.

मी एकदा तापाने कामगारांच्या कॅम्पवर पडलो होतो. ताईंनी कंपनीच्या बस ड्रायव्हरच्या हाती पेज धाडली. डब्यावर चिठ्ठी होती: 'मीठ कमी आहे. तक्रार ऐकली जाणार नाही.'

ईशा ही त्यांची सर्वांत चपळ खेळाडू. वडिलांना पर्थला नोकरी लागली, तेव्हा ती म्हणाली, "मिस, आय विल कम बॅक, इन्शाल्ला."

"परत कशाला? पुढे जा," ताई म्हणाल्या.

ती गेली. तिकडचं नागरिकत्व मिळालं आणि ऑस्ट्रेलियाच्या युवा संघात तिची निवड झाली. तिचा पहिला सामना आम्ही ओल्ड एअरपोर्ट भागात ताईंच्या घरी पाहिला. मी डिवचलं, "ताई, झाड तुम्ही लावलं, आंबे त्यांना."

"खाऊ द्या. इथे दहावीनंतर बसूनच राहिली असती."

ईशाला फ्री थ्रो मिळाला. लखलखीत लाकडी फरशी. तिने एक पाय उचलला, तळ हाताने पुसला. मग दुसरा.

"अगं, तिथे वाळू नाही गं," ताई मोबाइलला म्हणाल्या.

आता ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. शाळेच्या नियमाने नोकरी संपते, तिच्याबरोबर इथलं राहणंही. महिनाअखेरीस त्या सांगलीला जातील. मुलींच्या संघाला बाई प्रशिक्षकच हवी, आणि ती मिळालेली नाही. शाळा म्हणते, बघू. 'बघू' म्हणजे खलास, हे इथे राहिलेल्याला सांगावं लागत नाही. संघ टिकावा म्हणून ताईंनी किती जणींना गळ घातली, ते मी पाहिलं आहे. शेवटी मला एवढंच म्हणाल्या, "दादा, निदान रिंग काढू देऊ नका." शब्द देणं माझ्या हातात नव्हतं. मी जाऊन बोल्ट आवळून आलो.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत. ज्यांनी इतक्या मुलींच्या पायाखालची वाळू पुसली, त्यांच्या पायाखाली ती कधी न येवो.

रिंग आज तरी दहा फुटांवर आहे, ताई. वरच्या कडेपर्यंत.