सख्ख्या भावांना दोन ताटं

गिनी पिग पाळायला अक्कल लागत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत. माझ्या मते त्यांच्यामुळंच ह्या घरात अक्कल कुणाला किती आहे, ते एकदाचं उघडं पडलं.

आमचं घर वडगावात. पुढं सोपा, मागं पॉवरलूम. माझे थोरले दीर, ज्यांना घरासकट सगळी गल्ली आप्पा म्हणते, ते आणि माझा नवरा मिळून माग चालवतात. मी आणि जाऊबाई सुताच्या कांड्या भरतो, साड्यांच्या घड्या घालतो. अशा घरात माझ्या लेकीनं हट्ट करकरून दोन गिनी पिग आणले. एक तांबडा, एक पांढरा, दोघे नर, एकाच आईचे. जाऊबाई बघून म्हणाल्या, "अगं बया, शेपूट तोडलेला उंदीरच की ह्यो!" आणि दुसऱ्या दिवसापासून कोथिंबिरीच्या काड्या त्याच राखून ठेवायला लागल्या.

लेक मोबाईलवर बघून बघून सगळं शिकली. सोप्याच्या कोपऱ्यात फळ्या उभ्या करून तिनं ऐसपैस कुंपण केलं. आत दोन खोकी, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं. मी म्हटलं, "दोन दारं कशाला गं? चोर शिरायचाय व्हय?" तर म्हणते, "एकच दार ठेवलं तर एक जण दारात बसतोय आणि आतला कोंडून ऱ्हातोय. पळायला वाट पाहिजे की आई." खायच्या वाट्याही दोन, दोन टोकांना. गवत मात्र सगळीकडं भरपूर.

दोघे वयात आले तसा तांबडा माजला. अंग फुगवून घुमायचा, दात कटाकटा वाजवायचा. पांढरा गुपचूप दुसऱ्या खोक्यात जाऊन बसायचा आणि थोड्या वेळानं दोघे पुन्हा गवत खात असायचे. मला धाकधूक वाटायची. लेक म्हणायची, "दात वाजवतोय म्हणजे जरा लांब हो म्हणतोय. लांब जायला जागा हाय तवर काय हुईत न्हाय. तू मधी पडू नको." बरोबर बोलत होती पोरगी. रक्त म्हणून कधी दिसलं नव्हतं.

पण आमच्या आप्पांना ते दात ऐकू आले.

आता आप्पांची एक रीत सांगायला पाहिजे. गल्लीत दोन भावांचं वाजलं, मागावरून म्हणा, वाटणीवरून म्हणा, की आप्पा त्यांना बोलावून घेतात आणि एका ताटात जेवायला बसवतात. ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. म्हणे एका ताटात हात पडला की मनातलं किल्मिष जातं. स्वतःच्या घरातही तेच. रोज जेवणवेळेला माग बंद करून हे दोघे भाऊ एका ताटात जेवतात, माझे सासरे गेल्यापासून. बाया आपल्या पोरांना दाखवतात, भाऊ असावेत तर असे! मीसुद्धा कौतुकानं त्या ताटात वाढत आले.

तर आप्पा कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "सख्ख्या भावांना दोन ताटं? दोन घरं? ह्या घरात?" मी हसून सोडून दिलं. मला वाटलं, म्हातारपण जवळ आलंय, बोलतात.

मग मी आणि लेक एक दिवस माझ्या माहेरी गेलो, खानापूरकडं. संध्याकाळी परत आलो तर सोप्यात कुंपण नाही. फळ्या भिंतीला टेकवलेल्या, खोकी जिन्याखाली फेकलेली. मधोमध बांबूची विणलेली एक मोठी बुट्टी पालथी, वर सुताचं बाचकं वजनाला ठेवलेलं. आप्पा बाजेवर बसलेले, एखादा तंटा मिटवून आल्यासारखे.

"एका ताटलीत घालून बसवलोय दोघास्नी," म्हणाले. "सकाळपास्नं गप हाईत बघ. उगंच लाड करून बिघडवून ठेवलाता."

गप हाईत! मागं माग खडखडत होता, नवरा तिथंच होता. त्या आवाजात माणूस ओरडलं तरी शेजारच्या खोलीत कळत नाही, तिथं वीतभर जनावराचं कोण ऐकणार? लेकीनं बाचकं ढकललं आणि बुट्टी उचलली. ताटली पालथी झाली होती. पांढरा कडेला चिकटून पडला होता, पाठीवर, कानावर, डोळ्याच्या वर चावे, पांढरं अंग सगळं लाल. तांबडा दुसऱ्या बाजूला थरथरत उभा. लेकीनं पांढऱ्याला ओंजळीत उचललं. जाऊबाई दारातून बघत होत्या. पुढं त्यांनी मला सांगितलं, दुपारी बुट्टी हलताना त्यांनी बघितली होती. पण आप्पांपुढं बोलायची ह्या घरात पद्धत नाही! जळो ती पद्धत.

टिळकवाडीत जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी जखमा धुतल्या, टाके घातले आणि विचारलं, "ह्यांना कशात कोंडलं होतं का?" मी खाली बघून व्हय म्हटलं. चूक कुणाची आणि मान कुणाची खाली! ते म्हणाले, डोळा वाचेल, पण जीव खाण्यावर आहे. ह्यांचं पोट रिकामं राहिलं की हे जनावर टिकत नाही. आणि आता दोघांना एकत्र सोडायचं नाही. मधे जाळी लावा, एकमेकांना बघू दे, वास घेऊ दे, तेवढं पुरे.

पांढरा खाईना. लेक शाळा बुडवून त्याला मांडीवर घेऊन बसली. वाटलेल्या गवताचा लगदा, ढबू मिरचीचा रस, सगळं सिरिंजनं थेंब थेंब तोंडात. मी कांड्या भरत होते आणि हाताखाली सूत तुटत होतं, इतका मला संताप. आप्पा जाता येता म्हणायचे, "एवढं काय त्यात? उंदीर तर हाय." एकदाही वाईट वाटलं म्हणाले नाहीत. शेवटी एका सकाळी पांढऱ्यानं स्वतःहून कोथिंबिरीची काडी ओढली. लेक तेव्हा कुठं रडली.

नंतर एक दिवस माग बंद करून जेवायला आले तेव्हा आप्पा पाटावर बसता बसता म्हणाले, "बरा झाला न्हवं आता? काढ ती जाळी. सख्खे भाऊ जाळीआड, लोक तोंडात शेण घालतील."

माझा पारा चढला. डोक्यावरचा पदर कुठं गेला तेही मला कळलं नाही. "घालू देत!" म्हटलं. "तुम्ही बुट्टीत घातलासा, रक्त पोरीनं पुसलं. घर तुमचं, माग तुमचा, पण त्या जाळीला हात लावायचा न्हाय. सांगून ठेवते."

आप्पा माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाले, "बायकोला समज दे रं."

माझा नवरा हात धुऊन उभा होता. ह्या माणसानं आप्पांपुढं कधी वर मान केलेली मी बघितली नाही. मला वाटलं, आता ऐकून घ्यायची वेळ आपली. तो म्हणाला, "जाळी ऱ्हाऊ दे आप्पा." मग माझ्याकडं वळला. "आन् मला जरा येगळं ताट वाढ."

"का रं? काय झालं तुला?" आप्पा म्हणाले.

"तुझा घास मोठा आप्पा, हात चलाख. तू उठलास की मलाबी उठाय लागतंय. त्या ताटात मी कधी पोटभर जेवलोच न्हाय."

आप्पांचा हात ताटावर तसाच राहिला. मी फळीवरनं दुसरं ताट काढलं आणि वाढायला घेतलं. नवऱ्यानं एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि खाली मान घालूनच आणखी मागितली. मी तव्यापुढं बसून थापत होते, आणि राग आता आप्पांचा, ह्याचा का माझा स्वतःचा, तेही कळत नव्हतं. लग्न झाल्यापासून माहेरी, पाव्हण्यारावळ्यांत, सगळ्यांना मीच सांगत आले होते, आमच्या ह्यांचं खाणंच मुळात कमी.