उन्हाचं कोटेशन

बांद्याला एसटीतून उतरलं की मथुरा पदर सारखा करायची आणि बँकेत बोलायची वाक्यं मनातल्या मनात शुद्ध मराठीत घोळवायची. "मला सोलांचा व्यवसाय सुरू करायचा आहे." त्या दिवशी मात्र तिचं शुद्ध मराठी साहेबांच्या टेबलापाशी फार वेळ टिकलं नाही.

ही चौथी खेप होती. मे महिना लागला होता. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडावर लालभडक पिकले होते, आणि ते फळ काही कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. पाऊस लागला की संपलं. मथुराची सोलं गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याने चाखली होती आणि शंभर किलो मागितली होती. पाकिटावर लेबल हवं, परवाना हवा, एवढीच अट. परवाना तिने धावाधाव करून काढला. आता रातांबे, मीठ आणि पाकिटांपुरते चाळीस हजार हवे होते.

साहेबांनी फाईल उघडली, मिटली. "मशिनरीचं कोटेशन नाही यात."

"मशीन लागतच नाही, साहेब. रातांबे हाताने फोडायचे, साली त्याच्याच रसात मीठ घालून बुडवायच्या आणि कातळावर उन्हात वाळवायच्या. परत बुडवायच्या, परत वाळवायच्या."

"मग ड्रायर दाखवा. यंत्राशिवाय प्रकरण योजनेत बसत नाही. साडेचार लाखांपर्यंत सहज होईल."

मागितले चाळीस हजार, आणि हे देणार साडेचार लाख! टेबलाच्या काचेखाली ड्रायरवाल्या एजंटचं कार्ड होतं. बाजूला त्याचे छापील अर्जही तयार, फक्त नाव घालायचं बाकी. मथुराच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"पण साहेब, वाळवतं ते ऊन."

"मग उन्हाचं कोटेशन जोडा," साहेब म्हणाले, आणि शेजारचा कारकून फिदीफिदी हसला.

मथुराचं डोकं फिरलं. "खंयच्या दुकानात मेळता ता सांगा, आताच आणतंय! आणि तुमचो तो ड्रायर चलतलो कशार? वळवाचे चार थेंब पडले की आमच्या गावात लाईट जाता!"

हसणं थांबलं. साहेबांनी फाईल तिच्याकडे सरकवली. "मिस्टरांना घेऊन या. त्यांना समजावून सांगतो."

मिस्टर गोव्यात कारखान्यात पाळीवर. सालींना मीठ किती लागतं हे त्याला आजवर ठाऊक नाही. त्याला समजावणार!

घरी आली तर शेजारची काशीबाई पायरीवर बसलेली. सत्तरी ओलांडलेली, पण परड्यातले रातांबे अजून स्वतः वेचणारी.

"काय गो, दिल्यान काय बँकवाल्यान?"

"दिता मां! माका नको ता सगळा दिता."

काशीबाई पोटभर हसली. मग म्हणाली, "माझे रातांबे ने. व्यापारी भाव पाडून मागता, त्येच्या घशात कशाक घालू? पैसे गणेश चतुर्थीक दी."

"आणि नाय जमले तर?"

"तर गणपतीचे सगळे दिवस तुझ्याकडे जेवाक येतंय."

काशीबाईचं ऐकून आणखी चार घरांनी रातांबे दिले. मीठ आणि पाकिटं मथुराने भिशीच्या पैशांतून आणली. सोलं झाली सत्तर किलो. हॉटेलवाल्याला साठ दिली, दहा नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला हाताशी ठेवली. पैशांअभावी घेता न आलेले बाकीचे रातांबे वाडीत झाडांखाली सडले. त्या लाल चिखलातून जाताना दरवेळी तिला तो कारकून हसताना दिसायचा.

जुलैत बँकेचा फोन. महिला उद्योजकांचा मेळावा आहे, स्टॉल फुकट, नक्की या. ती गेली. पाकिटं मांडते न मांडते तोच साहेब स्टिकरची पट्टी घेऊन हजर. त्यावर छापलेलं, 'आमच्या अर्थसाहाय्याने उभा राहिलेला उद्योग'.

"पटापट चिकटवा. पाहुणे येतायत, फोटो व्हायचाय."

"साहेब, यातलं एक तरी पाकीट तुमच्या पैशांतून झालंय?"

"अहो, एवढं काय मनाला लावून घेता? पुढच्या वर्षी बघू की तुमचं."

"रातांबे झाडाखाली सडले आमच्या वाडीत. त्यांच्यावर चिकटवा."

तिने एकेक पाकीट पिशवीत भरलं आणि मंडपातून सरळ बाजारात गेली. मासेवालीच्या शेजारी पोतं अंथरून बसली. दुपारपर्यंत पिशवी रिकामी.

चतुर्थीच्या आठ दिवस आधीच तिने काशीबाईच्या हातात पैसे ठेवले.

"म्हणजे आता जेवाक येवचा नाय काय?" काशीबाईने तोंड पाडलं.

"ये गो. सगळ्या वाडीक घेवन ये. फक्त त्या सायबाक नको."