ऐंशी दिवसांनंतर

"मी हितंच बरी," असं म्हणून अक्का चर्चच्या तिसऱ्या पायरीवर थांबायची. दाराला लागूनच, आत शिरताना बोटं बुडवायचं पवित्र जलाचं भांडं. तिचा हात त्याच्याकडे जायचा, वीतभर अलीकडे थांबायचा आणि पदरात परत यायचा. मिस्सेची प्रार्थना चालू असताना मागं वळून दाराकडे बघायची सवय असेल, तर तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल.

अक्का आमच्याच गल्लीतली, टॉवेलच्या कडा शिवायची. मी आमच्या घरातली पहिली बी.ए. लाइटबिल असो की औषधाची बाटली, ती माझ्याकडेच आणायची. "वाच गं ग्रॅज्युएट, डिग्रीला गंज चढंल." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगी झाली, ती मेलेलीच. मग एक दिवस तिनं बायबल माझ्यापुढं ठेवलं. लेवीयमधलं बाळंतिणीच्या शुद्धीचं प्रकरण. मुलगा झाला तर चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी. तोवर बाईनं पवित्रस्थानात यायचं नाही. मी वाचलं, तिनं मोजले.

ऐंशी भरले त्या दिवशी ती पुन्हा आली. "हे जित्या पोरीचं झालं. मेलेलीचे किती?"

मी ते प्रकरण तीनदा वाचलं. पुस्तकात नाही ते सांगायचं नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवलेलं. म्हणाले, "अक्का, त्याचं काही लिहिलेलं नाही."

"म्हंजे संपतच न्हाईत," ती म्हणाली आणि पुस्तक उचलून गेली. मला वाटलं, विषय संपला.

फादरनी पायरीवर येऊन कितीदा समजावलं. ते नियम जुने, प्रभू आल्यावर आपल्याला लागू नाहीत, बाळंतपणानं कुणी विटाळत नाही. फेब्रुवारीत, मरियामाता चाळीस दिवसांनी मंदिरात गेली त्या आठवणीच्या मेणबत्त्यांच्या सणाला ते म्हणाले, "अक्का, मरियामातेला तरी शुद्धीची काय गरज होती? तरी ती मंदिरात गेलीच ना?"

"तिच्या कडंला बाळ हुतं, फादर. मी काय घिऊन येऊ?"

त्या रविवारी मिस्सा उशिरा सुरू झाली.

मे महिन्यात ती पायरी तव्यासारखी तापते. चपला खाली काढून अक्का तिथंच उभी राहायची. सगळे कम्युनियनची भाकर घ्यायला रांगेत जायचे तेव्हा मान खाली. आता ते लागू नाही, असं मीही सांगून पाहिलं. "तूच वाचलंस की," एवढंच म्हणायची. चिडून नाही. अशी सात वर्षं.

या उन्हाळ्यात ती तापानं गेली. फादरनी दारातच शवपेटीवर पवित्र जल शिंपडलं आणि चौघांनी तिला आत नेलं. या खेपेला तिला कुणी विचारलं नाही. मी मात्र तिसऱ्या पायरीवरच राहिले.

त्या दिवशी मी नुसतं शंभर म्हणाले असते, तर तिनं आणखी वीस दिवस मोजले असते आणि एकशेएकाव्या दिवशी आत आली असती.