कर माफ, हँडलिंग साडेअठरा हजार

माझी ज्योत्स्नामावशी तेवीस वर्षं धारणीकडे नर्स होती. जीप जिथं थांबेल तिथून पुढं पायी. बाळंतिणी वाचवल्या, स्वतःचे गुडघे मात्र घालवले. निवृत्त होऊन अमरावतीत आली आणि साठाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली, कारण आता तिला एसटीची पायरी चढवत नाही आणि धारणीला गेल्याशिवाय करमत नाही.

इलेक्ट्रिक गाडीला रस्ता कर माफ आहे, हे तिनं पेपरात वाचलं. करमाफी धरली तर गाडी जेमतेम परवडत होती. तिनं बुकिंग केलं आणि पैसे भरायला मला सोबत नेलं.

शोरूममध्ये भिंतीभर फलक होता : ‘आमच्याकडून खास भेट! रस्ता कर शून्य.’ माफी सरकारनं दिली, आणि भेट म्हणे यांची! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला यांचं काय जातं?

बिलात कराच्या रकान्यात शून्यच होतं. खालच्या ओळीत ‘हँडलिंग’, साडेअठरा हजार.

“हे काय हाय?” मावशीनं विचारलं.

“गोडाऊनमधून गाडी इथं आणायचा खर्च, मॅडम.”

“मंग गोडाऊन दाखवा. मीच चालवत आनीन.”

तासभर ती खुर्चीतून हलली नाही. शेवटी मॅनेजर आला, वाकून हळूच म्हणाला, “तुमच्यासाठी काढून टाकतो. फक्त इथं कोणाला बोलू नका.”

म्हणजे काढता येत होते! माझं डोकंच फिरलं. पण गाडी मिळत होती, म्हणून मी गप्प बसले. मावशी गप्प बसली नाही. ती गुडघे सावरत उठली आणि शेजारच्या टेबलापाशी गेली. तिथं वलगावचे रामराव म्हणून एक जण त्यांच्या लेकीसाठी, प्रणालीसाठी, गाडी घेत होते. फोटोवाला तयार, पेढे वाटून झालेले.

“भाऊ, हे साडेअठरा हजार देऊ नका. माये आत्ताच काढले यायनं.”

रामरावांनी लेकीकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं. “जाऊ द्या ना बाई. शुभ कामात कायले वाद?” म्हणाले, आणि सही केली.

मॅनेजर आता हळू बोलत नव्हता. “मॅडम, मग तुम्हालाही भरावे लागतील.”

“नाई भरत. मायं बुकिंग वापस करा.”

बाहेर आल्यावर मी रामरावांच्या नावानं बोटं मोडली. असल्या माणसापायी हातची गाडी गेली!

“त्याच्यावर कावून चिडतं?” मावशी म्हणाली. “त्याले चारचौघात भांडाची लाज वाटली. हे शोरूमवाले त्या लाजेवरच तर कमावून राहिले.”

मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. लाजेपोटी साडेअठरा हजार देणारा माणूस शहाणा, आणि दुसऱ्याचे पैसे वाचवायला उठलेली बाई भांडखोर?

ऑटोत चढताना तिचा पाय दोनदा खाली आला. तेवढ्यात हार घातलेली नवी गाडी शेजारी थांबली. रामरावांनी काच खाली केली. “बसा ना बाई, घरी सोडून देतो.”

“पयले आत जाऊन तुमचे पैसे मागून या भाऊ. मंग बसीन.”

रामरावांनी काच वर केली. गाडी इलेक्ट्रिक, आवाजसुद्धा न करता निघून गेली.