पावसानंतरची माती

"ठैरो मियां, पहले अंगठा!" साइटवर जमिनीत ठोकलेली नळी वर आली की आमचे सर ओरडायचे आणि आतल्या चिकणमातीत अंगठा रोवायचे. घणाचे किती ठोके लागले त्यावरून जमिनीची ताकद काढतात. पण काळी माती भारी लबाड. उन्हाळ्यात दगड, पावसानंतर लोणी! "नुसत्या ठोक्यांवर भाळू नका, ताई," असं मला आमच्या माती-तपासणीच्या लॅबमध्ये नेहमी ऐकवायचे.

नमुने ड्रायव्हरनेही आणून दिले असते. पण हे स्वतः यायचे, मातीची ओल जाऊ नये म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून. मग चहा. मग दुसरा चहा. बायको गेल्यापासून, या तेलुगू मुलखात, चिक्कडपल्लीच्या घरात त्यांच्याशी मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं हो. "सर, घरी जा, भिंती वाट बघतायत," मी चिडवायची. हसायचे बिचारे.

मुलगा परदेशात. एकदा त्याचा फोन आला, प्लॉटवर घर बांधा, आम्ही कायमचे परत येतो. सर पेढे घेऊनच लॅबमध्ये आले. भर उन्हाळ्यात प्लॉटची तपासणी केली, ठोके झकास आले. म्हटलं, "आता घाला की पाया!"

"नक्को, ताई. लोकांच्या प्लॉटला मी पावसानंतर बघू म्हणतो. आणि माझी नातवंडं निजणार तिथे घाई करू?"

मुलगा फोनवर चिडला. "सरळ सांगा ना बाबा, आम्ही नकोय तुम्हाला."

पाऊस सरता सरता त्याने तिकडेच घर घेतलं. मला वाटलं, संपला विषय. तर सर गोणपाट घेऊन दारात! प्लॉटचीच माती. "तरी करा टेस्ट."

केली. माती मऊ निघाली. उन्हाळ्यातल्या ठोक्यांवर पाया घातला असता तर घर तडकलंच असतं. "तुमचंच खरं झालं, सर."

"हौ," म्हणाले. "खरं होऊन काय करू, ताई?" आणि पहिलाच चहा अर्धा टाकून निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात सर झोपेतच गेले. प्लॉट विकायला मुलगा आला, तेव्हा सरांचा इथे राहिलेला जेवणाचा डबा न्यायला लॅबमध्ये डोकावला. मला राग होता त्याचा, खोटं कशाला बोलू! मी सरांनी आणलेलं ते शेवटचं गोणपाट सोडलं. त्याची ओल मी जाऊ दिली नव्हती. मातीत सरांच्या अंगठ्याचा खळगा तसाच होता.

"ही तुमच्या प्लॉटची, पावसानंतरची. दाबून बघा."

त्याने खळग्याशेजारी अंगठा ठेवला. तो सरळ आत गेला.

"इतकी मऊ?" त्याने विचारलं, आणि खाली बसला. सरांच्याच खुर्चीत. मी चहा ठेवला. चहा निवून गेला, तरी तो उठला नाही.